फुटकी बादली आणि फुटबॉल

गोष्ट २००१ सालची. नागपुरात पावसाची जोरदार सर आली आणि हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे एका झाडाखाली आडोशाला थांबले. समोरच्या मोकळ्या जागेत झोपडपट्टीतली काही पोरं भिजत खेळत होती. पायांत काही नव्हतं. चेंडूही नव्हता. एक फुटकी बादली ती लाथाडत होती आणि तिच्यावरून जो आरडाओरडा चालला होता, तो कुठल्याही मोठ्या सामन्यात चालतो तसाच होता. जेवढा वेळ ही पोरं त्या बादलीमागे धावत होती, तेवढा वेळ ती दुसऱ्या कुठल्याही वाईट गोष्टीमागे नव्हती, हे बारसे सरांच्या मनात ठसलं. पुढं त्यांनी ते अनेकदा सांगितलं. त्यांनी त्या पोरांना चेंडू दिला.

ही गोष्ट आता महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण चेंडू देणं हा तिचा सोपा भाग आहे. अवघड भाग दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

आमच्या लहानपणी मोहल्ल्यात एकच चेंडू असायचा. चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर, वरून नाडी. ब्लॅडर पंक्चर झाला की सायकलच्या दुकानातून ठिगळ लावून आणायचा, शिवण उसवली की मोच्याकडे न्यायचा. चेंडू ज्याचा, त्याचा खेळ. कोण खेळणार, कुणी गोलात उभं राहायचं, हे तोच ठरवायचा. त्याच्याविरुद्ध फाउल दिला की तो चेंडू काखेत मारून घरी निघायचा. मगरिबची अजान व्हायला अजून अर्धा तास असायचा. मैदान तिथंच असायचं, आम्ही पंधरा-वीस जण तिथंच असायचो, पण खेळ संपलेला असायचा.

गरीब मुलांसाठी झालेल्या फुटबॉलचा इतिहास वाचताना मला तो पोरगा वारंवार आठवतो. कारण या सगळ्या इतिहासात मूळ प्रश्न तोच आहे. गरीब मुलाला चेंडू देणारे पुष्कळ भेटतात. दिलेला चेंडू खरोखर त्याचा होतो का? की देणारा वाटेल तेव्हा तो काखेत मारून निघून जाऊ शकतो?

हा इतिहास नागपूरच्या बराच आधी सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातल्या ग्लासगो शहरात चला. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधून हजारो कुटुंबं स्कॉटलंडमध्ये आली होती. ग्लासगोच्या पूर्व भागातल्या दाट वस्त्यांत ती राहू लागली. भाड्याच्या अंधाऱ्या खोल्या, मिळेल ती मजुरी, आणि धर्म कॅथलिक असल्यामुळं शहराची नाराजी. तिथल्या शाळेत ब्रदर वॉलफ्रिड नावाचे मारिस्ट पंथाचे एक शिक्षक होते. तेही मूळचे आयर्लंडचेच. मुलं उपाशीपोटी शाळेत येतात, मग येतच नाहीत, हे त्यांना रोज दिसत होतं. म्हणून त्यांनी एका पेनीत जेवण देण्याची सोय केली. पेनीत जेवण होत नाही, हे उघड आहे. उरलेले पैसे कुठून आणायचे?

१८८७ मध्ये एडिंबरातल्या आयरिश मंडळींच्या हायबर्नियन संघानं स्कॉटिश कप जिंकला होता. फुटबॉलला गर्दी होते आणि गर्दी तिकीट काढते, हे वॉलफ्रिड यांनी हेरलं. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी चर्चच्या सभागृहात बैठक झाली आणि सेल्टिक हा क्लब स्थापन झाला. २८ मे १८८८ रोजी पहिला सामना झाला, रेंजर्सच्या संघाविरुद्ध. सेल्टिकनं तो ५-२ असा जिंकला. क्लबचा घोषित हेतू होता गरीब मुलांचं जेवण.

हेतू थोर होता, यात शंका नाही. पण एक गोष्ट पाहा. या व्यवस्थेत खेळणारे वेगळे होते, जेवणारे वेगळे. मुलाच्या वाट्याला सूप आणि पाव आला, चेंडू आला नाही. वॉलफ्रिड यांची १८९२ मध्ये लंडनला बदली झाली. क्लब नावारूपाला आला तशी पैशाची गणितं बदलली आणि १८९७ मध्ये त्याची मर्यादित कंपनी झाली. मुलांच्या जेवणाचा मूळ हेतू मागे पडला. पुढं विसाव्या शतकाच्या अखेरीस क्लबनं आपलं धर्मादाय काम नव्यानं उभं केलं आणि २००५ मध्ये वॉलफ्रिड यांचा पुतळा मैदानाबाहेर बसवला. त्यात सच्चेपणा नाही असं मी म्हणणार नाही. पण मधल्या काळात जे झालं त्यातून एक धडा मिळतो. मुलांच्या नावानं उभं राहिलेलं काम मुलांच्या हातात नसेल, तर ते कधी दुसऱ्याचं होतं ते कळतही नाही.

आता एकदम शंभर वर्षं पुढं आणि दुसऱ्या खंडात येऊ. केनियाची राजधानी नैरोबी. तिथं मथारे नावाची प्रचंड झोपडपट्टी आहे. पत्र्याची घरं, उघडी गटारं, कचऱ्याचे ढीग, आणि पाऊस आला की घरात शिरणारं घाण पाणी. आपल्याकडच्या कुणालाही हे वर्णन परकं वाटणार नाही. तिथली मुलं प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीनं आवळून चेंडू करत आणि खेळत. बॉब मनरो हे कॅनडाचे गृहस्थ पर्यावरणाच्या कामासाठी नैरोबीत होते. १९८७ मध्ये त्यांनी या मुलांसाठी मथारे युवा क्रीडा संघटना सुरू केली. त्यांनी मुलांपुढं एक साधा करार ठेवला. तुम्ही काही कराल तर मीही काही करीन. काहीच करणार नसाल तर मीही करणार नाही.

या करारातून जी लीग उभी राहिली, तिचा गुणतक्ता जगावेगळा होता. सामना जिंकला की ३ गुण. पण संघानं ठरलेल्या दिवशी फावडी आणि घमेली घेऊन आपल्या गल्लीतला कचरा उचलला, गटार मोकळं केलं, तर ६ गुण. म्हणजे नुसत्या खेळाच्या जोरावर चषक मिळणं कठीण. ज्या वस्तीत पालिकेची गाडी येत नव्हती, तिथं पोरांच्या टोळ्या गटारं उपसू लागल्या. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं या संघटनेला 'ग्लोबल ५००' हा सन्मान दिला. त्याच वर्षी मुलींचे संघही सुरू झाले.

गटारं साफ झाली हे महत्त्वाचं आहेच. पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट अशी, की या लीगचा कारभार मुलांनीच निवडून दिलेल्या मुलांकडं होता. सामने कधी, पंच कोण, वाद झाला तर निकाल कुणी द्यायचा, हे पंधरा-सोळा वर्षांची पोरं बैठकीत बसून ठरवत. ज्यांना आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं, ती पोरं हात वर करून मत देत होती. या मुळातून १९९४ मध्ये मथारे युनायटेड हा व्यावसायिक संघ निघाला आणि २००८ मध्ये तो केनियाचा लीग विजेता झाला. पण तो संघ म्हणजे झाडाचा शेंडा. मूळ गल्लीत होतं.

तिसरा मुक्काम कोलंबियातलं मेडेलिन. इथं मात्र फुटबॉलची दुसरी बाजू बघावी लागते. खेळामुळं माणूस आपोआप सुधारतो असं आपण भाषणांत म्हणतो. ते खरं नाही. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. अमेरिकेविरुद्धचा तो सामना कोलंबियानं २-१ असा गमावला. दहा दिवसांनी, २ जुलै १९९४ रोजी, त्याच्या स्वतःच्या शहरात, मेडेलिनमध्ये, त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. अमली पदार्थांच्या टोळ्यांनी पोखरलेलं ते शहर होतं. तिथं फुटबॉलवर प्रेम होतं, अगदी वेड होतं. त्या वेडानं कुणाचा हात धरला नाही.

त्या वेळी युर्गन ग्रीसबेक नावाचा एक जर्मन तरुण मेडेलिनमध्ये राहत होता. एस्कोबारच्या खुनानं तो हादरला. १९९६ मध्ये त्यानं स्थानिक मंडळींबरोबर 'शांततेसाठी फुटबॉल' हा उपक्रम सुरू केला. टोळ्यांच्या वस्त्यांत जाऊन सामने भरवायचे, पण नियम बदलून. प्रत्येक संघात मुलगे आणि मुली दोन्ही हवेत. पहिला गोल मुलीनंच करायचा. पंच नाही. खेळाआधी दोन्ही संघांनी एकत्र बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, आणि खेळ संपल्यावर पुन्हा बसून आपण ते नियम पाळले का यावर बोलायचं. गोलांबरोबरच नीट वागण्याचेही गुण. खेळाचे असे तीन भाग झाले, म्हणून पुढं जगभर या पद्धतीला 'फुटबॉल थ्री' असं नाव पडलं.

पहिला गोल मुलीनं करायचा, हा नियम वरवर गमतीचा वाटतो. त्याचा परिणाम काय होतो पाहा. एरवी मुलीला कुणी पास देत नाही. आता तिला पास दिल्याशिवाय गाडी पुढंच सरकत नाही. टोळीतला दांडगा पोरगा चेंडू घेऊन येतो आणि तिच्यासमोर थांबतो, कारण त्याला गरज आहे. आणि पंच नसल्यामुळं फाउल झाला की शिट्टीची वाट पाहून चालत नाही. 'माझं चुकलं' असं कुणाला तरी म्हणावं लागतं. हत्यारं वापरणाऱ्या वस्तीत हे दोन शब्द किती महाग असतात, याची कल्पना आपण करू शकतो.

आता नागपूरला परत येऊ. नागपूरला फुटबॉल नवा नव्हता. शेजारच्या कामठीला इंग्रजांची छावणी १८२१ पासूनची. गोऱ्या शिपायांच्या मागून हा खेळ विणकरांच्या आणि कामगारांच्या वस्त्यांत शिरला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम क्लब ही नावं तिथल्या फुटबॉलप्रेमींच्या तोंडी असतात. म्हणजे गरिबांचा फुटबॉल तिथं होताच. पण क्लबलाही उंबरठा असतो. बूट हवेत, जर्सी हवी, सरावाला वेळ हवा, आणि मुख्य म्हणजे ओळखीचं कुणी तरी हवं. बादली लाथाडणारी ती पोरं त्या उंबरठ्याच्या बाहेर होती. कचरा वेचणारी, हॉटेलात कपबश्या विसळणारी, काही चोऱ्यामाऱ्यांत अडकलेली.

बारसे सरांनी त्यांच्यासाठी झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा जाहीर केली. सव्वाशेच्या आसपास संघ आले. पोरं अनवाणी खेळली. पुढं स्पर्धा शहराबाहेर गेली, जिल्ह्यांत गेली, राज्याबाहेर गेली. परदेशातली नोकरी सोडून त्यांचा मुलगाही या कामात उतरला. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून सरांनी नागपूरच्या बाहेर जमीन घेतली. पेन्शनीच्या वयात माणूस सहसा स्वतःसाठी सावली शोधतो. यांनी दुसऱ्यांच्या पोरांसाठी ऊन विकत घेतलं.

याच सुमारास जगात आणखी एक गोष्ट घडत होती. बेघरांकडून विकली जाणारी वृत्तपत्रं चालवणाऱ्या संपादकांची २००१ मध्ये केपटाऊनला परिषद झाली. तिथं स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हेराल्ड श्मीड यांना बेघरांच्या विश्वचषकाची कल्पना सुचली. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात पहिली स्पर्धा झाली, १८ देशांची. लहानसं मैदान, प्रत्येक बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. विजय बारसे २००६ च्या केपटाऊनच्या स्पर्धेला गेले आणि त्यानंतर नागपूरच्या 'स्लम सॉकर'मार्फत भारताचे संघ या स्पर्धेला जाऊ लागले.

या स्पर्धेचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. कुठल्याही खेळाडूला आयुष्यात एकदाच तिथं खेळता येतं. कितीही गोल केले तरी पुढल्या वर्षी जागा दुसऱ्याची. जगातल्या बाकी सगळ्या स्पर्धा उत्तम खेळाडूला पुन्हा पुन्हा बोलावतात. ही स्पर्धा त्याला सांगते, झालं तुझं इथलं काम, आता आपल्या आयुष्याकडं जा. म्हणजे ती मुक्कामाची जागा नव्हे, वाटेतला दरवाजा आहे.

या दरवाजातून गेलेला एक जण म्हणजे अखिलेश पॉल. नागपूरच्या वस्तीत गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला हा तरुण फुटबॉलकडं वळला आणि २०१० मध्ये रिओ दि जानेरोच्या स्पर्धेत भारतीय संघाचा कर्णधार झाला. २०१४ मध्ये 'सत्यमेव जयते' या दूरदर्शन मालिकेत त्यानं आपली कहाणी स्वतः सांगितली, तेव्हा ती घराघरांत पोहोचली. कर्णधार झाला हे मोठंच. पण रिओहून परतल्यावर तो वस्तीतल्या मुलांना शिकवू लागला, हे मला अधिक मोठं वाटतं. ज्याला चेंडू दिला होता, तो आता चेंडू देणारा झाला. मालकी हस्तांतरित होते ती अशी. २०१६ मध्ये 'फिफा'नं स्लम सॉकरला विविधतेचा पुरस्कार दिला आणि मार्च २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला. त्या चित्रपटात कॉलेज आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे. पाहणाऱ्याच्या ती लक्षात राहते, कारण अशी भिंत आपल्या प्रत्येकाच्या गावात आहे.

इथं एक सावधगिरीही बाळगायला हवी. अशा कहाण्या ऐकल्या की आपण लगेच 'चिखलातलं कमळ', 'कोळशातला हिरा' असं म्हणतो. हिरा सापडला की आनंद होतो आणि कोळशाचा विसर पडतो. नागपूरच्या त्या पहिल्या स्पर्धेत शेकडो मुलं खेळली. त्यातली किती परदेशी गेली असतील? बाकीची रिक्षा चालवतात, भाजी विकतात, गवंड्याच्या हाताखाली जातात. फुटबॉलनं त्यांना घर दिलं नाही, नोकरी दिली नाही. ते फुटबॉलचं काम नव्हेच. ते सरकारचं आणि समाजाचं काम आहे. चेंडू दिला म्हणून शाळा, पाणी, दवाखाना देण्यातून कुणाची सुटका होत नाही. मग फुटबॉलनं काय दिलं? संध्याकाळी ठरलेल्या वेळी आपली वाट पाहणारं कुणी तरी दिलं. आज का आला नाहीस, असं विचारणारं माणूस दिलं. आपलं नाव असलेली एक यादी दिली, आणि ती पोलीस ठाण्यातली नव्हती. ज्यांना हे सगळं जन्मतःच मिळालेलं असतं, त्यांना त्याची किंमत कळणं कठीण असतं.

शेवटी आपल्याच राज्यातली आणखी एक जागा. ठाण्याजवळचं मुंब्रा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं जीव मुठीत धरून तिथं राहायला गेली आणि गाव बघता बघता शहर झालं. इमारतींना इमारती चिकटल्या. मोकळी जागा उरली ती थोडी, आणि जी उरली ती मुलग्यांची. २०१२ मध्ये 'परचम' या संघटनेतल्या तरुणींनी तिथल्या मुलींचा फुटबॉल संघ बांधला. परचम म्हणजे झेंडा. काही मुली घरी सांगून आल्या, काही न सांगता. कुणी डोक्याला स्कार्फ बांधून खेळलं, कुणी न बांधता. त्यांना चेंडू मिळाला होता, शिकवणारं माणूसही मिळालं होतं. मग त्यांनी काय मागितलं? मैदान. घरोघरी फिरून त्यांनी सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधींपुढं ठेवल्या. मुलींना हक्कानं खेळता येईल अशी जागा द्या, एवढीच मागणी.

मला वाटतं, ग्लासगोपासून निघालेला रस्ता इथं येऊन पोहोचतो. तिथं मोठ्यांनी मुलांसाठी मागितलं होतं, आणि मागितलं होतं अन्न. इथं मुली स्वतः मागत होत्या, आणि मागत होत्या जागा. दया म्हणून मिळालेली वस्तू परत घेता येते. सही करून मागितलेली जागा परत घेणं तितकं सोपं नसतं.

आपल्या गावातली मैदानं आठवून पाहा. एकावर लग्नाचे मांडव, एकावर गाड्यांची रांग, एकाला कुलूप आणि किल्ली कुणाकडं हे कुणालाच ठाऊक नाही. पोरं रस्त्यावर खेळतात आणि आपण खिडकीतून ओरडतो. बादली लाथाडणारी पोरं आजही आहेत. तिथं झाडाखाली थांबून बघणारा माणूस असतोच असं नाही. तसा कुणी थांबलाच, तर त्यानं चेंडू जरूर द्यावा. फक्त संध्याकाळी घरी जाताना तो काखेत मारून नेऊ नये. मैदानातच ठेवावा, आणि उद्या खेळ किती वाजता, हे पोरांना विचारून जावं.